सही करण्याआधी अंगण मोजून घ्या

आलेलं पत्र, थोडक्यात:

«गिरगावात ठाकूरद्वाराजवळ एका वाडीत आमची चाळ आहे. १९४०च्या आधीची, सेसची (म्हाडाचा दुरुस्ती उपकर भरणारी). ३८ बिऱ्हाडं, तळाला पाच गाळे आणि गणपती मंडळाची एक खोली. आमची खोली २१० फुटांची. भाडेपावती अजून सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन नऊ वर्षं झाली. सासूबाई ७४ वर्षांच्या. मालकाने बिल्डर आणला आहे. ४०५ फूट कार्पेट, दोन लाख कॉर्पस (देखभालीसाठीची ठेव), महिना तीस हजार भाडं, तीन वर्षांत ताबा असं तो सांगतो. पुढे विक्रीचा टॉवर, मागे आमची रिहॅबची (पुनर्वसनाची) इमारत. आज भाडं, सेस आणि जिन्याच्या दिव्याचं मिळून आमचे साडेचारशे रुपये जातात. वाडीत आम्ही मराठी, दोन गुजराती घरं, तोंडाशी राहणारं एक गोव्याचं ख्रिस्ती कुटुंब, त्यांचा जुना क्रूस. गाळ्यांत पिठाची गिरणी, खानावळ, शिंपी. लोक म्हणतात, बाहेरचे येतील, मासे शिजवायला बंदी होईल, मराठी गिरगाव संपेल. दीर डोंबिवलीला राहतो, तो म्हणतो पैसे घ्या आणि मोकळे व्हा. सासूबाई एवढंच विचारतात की पापड कुठे वाळत घालायचे. आम्ही सही करावी का? आणि वाडी वाडीसारखी राहील का?»

ताई,

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण त्यांचं उत्तर एकाच कागदात आहे. नव्या इमारतीत दहा वर्षांनी कोण राहत असेल, हे आज करारात काय लिहिलं जातं त्यावर ठरतं. महिन्याचा खर्च झेपला तर तुम्ही राहाल, अंगण नकाशात असलं तर गणपती बसेल, गिरणीला रस्त्याकडे तोंड मिळालं तर गिरणी चालेल. म्हणून या उत्तरात हिशेब जास्त आहे.

आधी 'बाहेरच्यां'बद्दल. तुमच्या वाडीतली गुजराती घरं बाहेरची नाहीत आणि क्रूसवालं कुटुंबही नाही. कोकणी चाकरमानी, पाठारे प्रभू, ईस्ट इंडियन (मुंबईचे मूळ ख्रिस्ती), गोंयकार, गुजराती अशा सगळ्यांनी मिळून गिरगाव झालं. खोताच्या वाडीपासून केशवजी नाईकांच्या चाळीपर्यंत चालत गेलात तरी ते दिसतं. आता जे बदलतंय ते शेजाऱ्याच्या भाषेमुळे बदलत नाही. मेट्रो ३ चं गिरगाव स्थानक २०२५ मध्ये सुरू झालं, जमिनीचा भाव चढला, आणि साडेचारशे रुपयांत राहणाऱ्याच्या शेजारी महिना वीस हजार देखभाल सहज भरणारा माणूस येणार आहे. ही दरी पैशाची आहे. ती भाषेची समजून चाळीत दोन गट पाडलेत, तर बिल्डर दोन्ही गटांशी वेगवेगळं बोलेल आणि दोघांचंही नुकसान होईल. ३८ बिऱ्हाडं, पाच गाळे आणि मंडळाची खोली अशा ४४ जणांनी मिळून एकच समिती निवडा. तिच्यात एक गाळेवाला, एक क्रूसवाल्यांच्या घरातला, एक गुजराती घरातला माणूस आणि निदान तीन बायका घ्या.

आता सही. सेसच्या इमारतीचा पुनर्विकास मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) खाली होतो. त्याला ५१ टक्के भाडेकरूंची लेखी संमती लागते. तुमच्या ४४ जणांत ती २३ सह्यांवर पूर्ण होते. ही संमती एकदा दिली की मागे घेता येत नाही, हे तिच्या मजकुरातच असतं. सह्या पूर्ण झाल्या आणि म्हाडाची एनओसी मिळाली की न सही केलेल्यांना म्हाडा कायद्याच्या ९५-अ कलमाखाली झटपट बाहेर काढता येतं. म्हणजे तुमचं बळ विसाव्या-एकविसाव्या सहीपर्यंतच आहे. बहुतेक चाळी नेमक्या इथेच फसतात: आधी संमतीपत्रावर सह्या गोळा होतात आणि 'करार नंतर करू' म्हणून सांगितलं जातं. नंतर मागायला हातात काहीच उरत नाही.

तुम्ही क्रम उलटा करा. पर्यायी कायमस्वरूपी घराच्या कराराचा पूर्ण मसुदा, प्रत्येक मजल्याचा नकाशा, तळमजल्याचा आणि पोडियमचा (पार्किंगवरच्या सामायिक गच्चीचा) नकाशा हे सगळं संमतीपत्राला परिशिष्ट म्हणून जोडायला लावा. 'सोबतच्या परिशिष्टांतील अटींवरच ही संमती आहे' हे वाक्य संमतीपत्रात हवं. ते वाक्य घालायला जो बिल्डर तयार होत नाही त्याच्याशी पुढे बोलू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. वकील समितीचा हवा. बिल्डरने फी भरली तरी चालेल, पण वकिलाची नेमणूक समितीच्या ठरावाने झालेली असावी. बिल्डरचे आधीचे प्रकल्प महारेराच्या संकेतस्थळावर बघा. ताबा द्यायची तारीख किती वेळा पुढे गेली ते तिथे कळतं. मग त्यातल्या एखाद्या रिहॅब इमारतीत संध्याकाळी जाऊन लिफ्टसमोर उभ्या असलेल्या लोकांशी बोला.

घाई करायला लावणारे 'इमारत सी-१ आहे, उद्या पालिका पाडेल' असं म्हणतात. सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची. तसा अहवाल खरा असेल तर जिवाशी खेळू नका, बाहेर पडा. पण बाहेर पडल्याने हक्क जात नाही. इमारत पडली म्हणून भाडेकरूपण संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. फक्त पाडण्यापूर्वी पालिकेकडून प्रत्येक खोलीचं क्षेत्रफळ आणि राहणाऱ्याचं नाव यांची नोंद करून घ्या, आणि तिची प्रत प्रत्येकाच्या घरात असू द्या. म्हाडा कायद्याच्या ७९-अ कलमाखाली नोटीस आली तर ती वकिलाला दाखवल्याशिवाय काहीही लिहून देऊ नका. त्या नोटिसांवरून न्यायालयात बरेच वाद झाले आहेत.

तुमच्या घरापुरतं सगळ्यांत तातडीचं काम म्हणजे पावती. नऊ वर्षं मृत माणसाच्या नावावर पावती राहिली, ही चाळीतली नेहमीची गोष्ट आहे आणि घरं याच चुकीमुळे अडकतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे भाडेकरू गेल्यावर त्याच्यासोबत तिथे राहणाऱ्या कुटुंबातल्या व्यक्तीकडे हक्क येतो. म्हणजे सासूबाईंकडे. दीर तेव्हा डोंबिवलीला राहत असेल तर वारस म्हणून त्याचा दावा या खोलीत मागे पडतो. तरीही त्याचं ना-हरकतपत्र आत्ताच घ्या, कारण भावाभावांतल्या वादामुळे म्हाडाच्या यादीत 'विवादित' असा शेरा पडला की करार, भाडं, ताबा सगळं लटकतं. मालकाला लेखी अर्ज द्या, सोबत मृत्यू दाखला, सासूबाईंचं आधार कार्ड, रेशन कार्ड. मालक नाव बदलायला मोठी रक्कम मागेल. पागडीची (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने घेतलेली) खोली परक्याला विकताना मालकाला साधारण तिसरा हिस्सा द्यायची रीत आहे, पण वारसाने आलेला हक्क ही विक्री नव्हे. तो पावती देईनासा झाला तर भाडं मनीऑर्डरने किंवा चेकने पाठवत राहा आणि पोच जपा. एकही महिना चुकवू नका.

दुसरी तारीख लक्षात ठेवा: १३ जून १९९६. त्यानंतर खोलीचे तुकडे पाडून तयार केलेली नवी भाडेकरूपणं या योजनेत धरली जात नाहीत. तुमची खोली त्याआधीची आहे हे दाखवायला जुनी भाडेपावती, बेस्टचं वीजबिल, मतदार यादीतलं नाव यांतलं जितकं मिळेल तितकं काढा. शेजारच्या घराचेही कागद बघा. एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याकडे कागद नसले तर समितीने त्यांच्यासोबत म्हाडात जावं. यादीतून पहिल्यांदा गळतात ती अशीच माणसं.

४०५ फुटांबद्दल. हा आकडा बिल्डरची मेहेरबानी नाही. नियमाप्रमाणे राहत्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट मिळतात आणि त्यावर ३५ टक्के फंजिबल (जादा मिळणारं) क्षेत्रफळ धरलं की ४०५ होतात. म्हणजे आज तुम्हाला नियमातलं किमान तेवढंच देऊ केलं आहे. बिल्डरला विक्रीसाठी मिळणारं प्रोत्साहनपर क्षेत्रफळ पुनर्वसनाच्या क्षेत्रफळावर मोजलं जातं, एका भूखंडाला त्याच्या ५० टक्के, आणि शेजारचे भूखंड जोडले तर आणखी जास्त. किंवा एकूण चटईक्षेत्र निर्देशांक ३, म्हणजे भूखंडाच्या तिप्पट बांधकाम, यांत जे जास्त असेल ते. तेव्हा समितीने स्वतःच्या वास्तुविशारदाकडून हे गणित मांडून घ्यावं आणि मग वाढीव फूट मागावेत. मागताना ५०० फुटांची रेघ ध्यानात असू द्या. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घराला मालमत्ता कर माफ आहे. ४९५ फूट आणि ५१० फूट यांत दोन पावलांचा फरक, पण कराचा फरक कायमचा. आणि कार्पेट म्हणजे काय, त्यात कोनाडे, डक्टचा भाग, बाहेरचा सज्जा धरला आहे का, हे नकाशावर मापं घालून लिहून घ्या.

यापुढचा भाग समितीत मोठ्याने वाचा, कारण नव्या इमारतीतून जुनी माणसं निघून जातात ती मुख्यतः या कारणाने.

लिफ्ट, पंप, आग विझवायची यंत्रणा, जनरेटर, सुरक्षारक्षक, सफाई. उंच इमारतीला हे सुटत नाही. खर्च फुटाला १२ रुपये धरला तर ४०५ फुटांच्या घराला महिना ४,८६० रुपये. आज तुमचे साडेचारशे जातात. बिल्डर दोन लाख कॉर्पस देतो म्हणतो. सात टक्के व्याजाने त्याचे वर्षाला १४,००० येतात, महिन्याला साधारण ११६६. उरलेले ३,७०० रुपये सासूबाईंनी कुठून आणायचे? पूर्ण खर्च नुसत्या व्याजातून निघायला घरामागे सुमारे ८ लाख ३३ हजार लागतात. शिवाय खर्च वर्षाला सहा टक्क्यांनी वाढला तर बारा वर्षांत तो दुप्पट होतो, व्याज मात्र तेवढंच राहतं. म्हणून सगळं व्याज खर्च करू नये, काही भाग मुदलात परत टाकावा लागतो. नियमातच देखभालीसाठी विकासकाने कॉर्पस उभारावा अशी तरतूद आहे, तेव्हा मागायला संकोच नको. दोन खोल्या वाढवून मिळण्यापेक्षा कॉर्पस वाढवून मिळणं म्हाताऱ्या माणसांच्या घराला जास्त उपयोगी आहे. आणि तो पैसा प्रत्येकाच्या हातात रोख नको. रोख मिळालेला कॉर्पस लग्नात आणि गाडीत जातो. अर्धा तरी संस्थेच्या नावाने मुदत ठेवीत, मुदलाला हात लावायचा तर सर्वसाधारण सभेत तीन चतुर्थांश बहुमत लागेल असा नियम करून ठेवा.

याहून मोठा सापळा आहे 'एकच सोसायटी'. ऐकायला ते छान वाटतं, सगळे एकत्र, भेदभाव नाही. पण सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क सगळ्या सदनिकांत समान वाटलं जातं, घर लहान असो की मोठं. आकडे घालून बघा. विक्रीचे ६० फ्लॅट, प्रत्येकी ११०० फूट. तुमचे ३८, प्रत्येकी ४०५ फूट. तरणतलाव, जिम, संगमरवरी लॉबी, सुरक्षा धरून महिन्याचा खर्च ९ लाख. समान वाटला तर प्रत्येक घराला ९,१८४ रुपये. क्षेत्रफळावर वाटला तर तुमच्या वाट्याला ४,४७८. आणि तरणतलाव-जिम तुमच्या हिशेबातून काढले तर आणखी कमी. बहुमत ६० विरुद्ध ३८ असल्यामुळे सभेत हे कधीच बदलून घेता येणार नाही.

त्यामुळे आमचा सल्ला असा: रिहॅबची संस्था वेगळी, तिची लिफ्ट, पंप, वीजमीटर, पाण्याची टाकी वेगळी. फाटक, रस्ता, सांडपाण्याची यंत्रणा अशा खरोखर सामायिक गोष्टींसाठी दोन्ही संस्थांचा एक संघ, आणि त्याचा खर्च कार्पेट क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटायचा, हे सूत्र करारात लिहिलेलं. वेगळी संस्था केली की दुसरा धोका येतो. 'पोडियम तर सेलवाल्यांचा (विक्रीच्या टॉवरवाल्यांचा)' म्हणून मागची इमारत कचऱ्याच्या फाटकातून येजा करू लागते. त्यासाठी येण्याजाण्याचा मार्ग, पार्किंग, अंगण, मुलांची खेळायची जागा यांवरचा तुमचा हक्क करारात आणि नकाशावर रंगाने दाखवून घ्या. पुढच्या रस्त्यावरून चालत आत येण्याचा मार्ग रिहॅबलाही हवाच. मागच्या गल्लीतून प्रवेश कबूल करू नका. आज जी मुलं एका ओट्यावर खेळतात त्यांच्या मुलांना एकमेकांची तोंडं दिसतील की नाही, हे त्या एका फाटकावर ठरतं.

आता मधली वर्षं. चाळ तुटते ती टॉवरमुळे कमी आणि भाड्याच्या वर्षांत जास्त. तीन वर्षं सांगतात, पाच धरून चाला. महिना तीस हजारांत गिरगावात दोन खोल्या मिळणार नसतील तर तुमची बिऱ्हाडं डोंबिवली, विरार, पनवेलला जातील, मुलं तिथल्या शाळेत रमतील, आणि ताबा मिळेपर्यंत निम्मी घरं नवा फ्लॅट भाड्याने द्यायचं ठरवून बसलेली असतील. तेव्हा भाड्याचा आकडा बिल्डरने सांगितलेला नको. वाडीपासून चालत वीस मिनिटांच्या परिघात दोन खोल्यांचं आज काय भाडं चाललंय ते तीन दलालांकडून लेखी घ्या आणि तो आकडा मागा. वर्षाला दहा टक्के वाढ, दर अकरा महिन्यांची दलाली, जाता-येताचा सामानाचा खर्च, बारा महिन्यांचे चेक आधी, आणि ताबा लांबला तर भाडं थांबणार नाही हे कलम. चेक परत गेले तर काय? त्यासाठी किमान एक वर्षाच्या एकूण भाड्याइतकी बँक गॅरंटी समितीच्या नावाने हवी. म्हाडाच्या संक्रमण शिबिरात जाण्याचा पर्याय कुणी सुचवला तर तिथे पिढी काढलेल्या लोकांना आधी भेटून या. दीड-दोन दिवसांचा का होईना, वाडीचा गणपती या वर्षांत जवळच्या एखाद्या सभागृहात बसवा. खंड पडू देऊ नका. परतताना ती वर्गणीची वहीच माणसांची खरी यादी असते.

गाळ्यांचा नियम वेगळा आहे. अनिवासी भाडेकरूला जुन्या क्षेत्रफळाइतकंच मिळतं, वाढीव नाही. ११० फुटांच्या गिरणीला ११० फूट. पण फूट तेवढेच असले तरी धंदा बसू शकतो. गिरणी पहिल्या मजल्यावर गेली की डोक्यावर दळणाचा डबा घेऊन कोण चढेल? म्हणून गाळे तळाला, रस्त्याकडे तोंड करून, आजच्या इतकीच दर्शनी रुंदी, हे लिहून हवं. गिरणीला थ्री-फेज वीज आणि खालून कंपन अडवणारा पाया. खानावळीला गच्चीपर्यंत जाणारी धुराची स्वतंत्र नळी. ती नकाशात आधी नसेल तर नंतर बसवता येत नाही आणि मग वरच्या मजल्यांची तक्रार, नोटीस, टाळं. बांधकामाच्या काळात गाळेवाल्यांना घरभाड्यापेक्षा जास्त नुकसान होतं, कारण गिऱ्हाईक तुटतं. त्यांना त्याच रस्त्यावर तात्पुरती जागा द्यायला लावा. कोपऱ्यावर बसणारी कोळीण, भाजीवाली यांची नावं म्हाडाच्या यादीत नसतात. त्यांच्यासाठी मार्ग फेरीवाल्यांच्या २०१४च्या कायद्याचा. पालिकेच्या सर्वेक्षणात त्यांचं नाव आहे का ते बघा, नसेल तर अर्ज भरायला मदत करा. फाटकासमोरची त्यांची जागा नव्या टॉवरच्या ड्रॉप-ऑफसाठी (गाड्यांतून माणसं उतरवायच्या जागेसाठी) जाऊ नये याकडे समितीचं लक्ष असावं.

मंडळाच्या खोलीची पावती कुणाच्या नावाने आहे? आज रात्रीच बघा. अनेक ठिकाणी ती पन्नास वर्षांपूर्वीच्या चिटणीसाच्या नावावर असते, आणि पुनर्विकासात ती जागा त्याच्या नातवंडांची होते. कायद्याने त्यांचं चुकतही नाही. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असेल तर विश्वस्तांच्या बदलांची नोंद पूर्ण करून घ्या, चिटणीसाच्या वारसांकडून लिहून घ्या की ही जागा मंडळाची आहे, आणि मालकाकडून पावती मंडळाच्या नावावर करा. धोबी तलावच्या गोव्याच्या कुडांनाही (एकेका गावच्या लोकांच्या सामायिक वसतिगृहांनाही) हाच प्रश्न पडतो. तिथे हक्क राहणाऱ्या माणसाचा नसून गावाच्या क्लबाचा असतो, म्हणून संमती कोण देणार हे आधी ठरवावं लागतं. तुमच्या शेजारच्या कुटुंबाला त्याची माहिती असेल, त्यांना विचारा.

अंगणाची मापं आत्ता घ्या. मंडप किती बाय किती, मूर्ती किती उंच, विसर्जनाला बाहेर कशी निघते. पार्किंगच्या फाटकाची उंची कमी असली तर मूर्ती आतच अडकते. नवीन नकाशात बिल्डर मोकळी जागा दाखवतो, पण त्यातली बरीचशी अग्निशमन गाडीसाठी राखीव असते आणि तिथे मंडप घालता येत नाही. घातला तर शेजारच्या टॉवरची एक तक्रार पुरे. तेव्हा अग्निमार्ग वगळून किमान आजच्या अंगणाइतकी जागा 'सामायिक उत्सव-प्रांगण' म्हणून वेगळी आखून घ्या. ती पोडियमवर असेल तर स्लॅब गर्दीच्या भाराला, म्हणजे दर चौरस मीटरला ५०० किलोला, केलेला आहे असं स्ट्रक्चरल इंजिनियरचं लेखी हवं. तिथे विजेचा पॉइंट, पाण्याचा नळ, आणि वर्षातून कोणते दिवस ती जागा मिळेल ते लिहा: गणपती, गुढीपाडव्याची शोभायात्रा, मे महिन्यातली क्रूसाची प्रार्थना, नवरात्रातला गरबा. सगळ्यांचे सण एका कलमात आले की ते कलम काढून टाकणं कुणालाच सोपं जात नाही.

क्रूस कुणाच्या जागेत आहे ते सर्व्हे नकाशावर तपासा. भूखंडात असेल तर 'जागेवरच राखून' असं नकाशात लिहून हवं. 'तात्पुरता हलवू, नंतर बसवू' याला नको म्हणा. बांधकामात त्याभोवती पत्र्याचं कुंपण आणि फुलं वाहायला वाट ठेवता येते. वाडीच्या नावाची पाटी, लोखंडी कठडे, सागवानी खांब यांची यादी फोटोंसह करा. पाडकामाचा कंत्राटदार ते भंगारात नेतो, म्हणून 'हे साहित्य समितीचं' हे आधी लिहून हवं. नव्या संस्थेच्या नावात वाडीचं नाव राहील हेही करारात घाला. नोंदणीच्या वेळी ते आपोआप होत नाही.

मासळीचं भय थोडं बाजूला ठेवा. आदर्श उपविधींत कुणाच्या घरात काय शिजावं यावर बंदी घालणारं कलम नाही, आणि तुमची संस्था वेगळी असली तर असा ठराव आणणारं बहुमतच तिथे नसेल. खरं भांडण होतं ते वासावरून, आणि वासाचं कारण नकाशात असतं. स्वयंपाकघराची खिडकी आतल्या अरुंद डक्टमध्ये उघडत असेल तर दुसऱ्या मजल्यावरचा बांगडा सातव्या मजल्यावरच्या देवघरात पोचतो. मग माणसं एकमेकांच्या जातीधर्मावर जातात. प्रत्येक स्वयंपाकघराला बाहेरच्या हवेत उघडणारी खिडकी मागा. मजल्यावरचा पॅसेजही असाच. दोन्ही टोकांना खिडकी आणि निदान दोन मीटर रुंदी असली तर तिथे खुर्ची टाकून बसता येतं, दार उघडं ठेवता येतं. अंधाऱ्या, एसीच्या यंत्रांनी भरलेल्या पॅसेजमध्ये गॅलरीतला शेजार टिकत नाही.

दिराचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. खर्च झेपणार नसेल तर विकण्यात कमीपणा नाही. पण आज पागडी विकली तर मालकाचा हिस्सा जाऊन जे हातात येईल ते, आणि ताबा मिळाल्यावर मालकीच्या ४०५ फुटांची किंमत, यांत फार मोठं अंतर आहे. सासूबाई हयात आहेत, त्यांना तिथेच राहायचं आहे, तेव्हा निर्णय त्यांचा. समितीत एवढी रीत जरूर पाडा की जो कुणी विकेल त्याने ३० दिवस आधी वाडीत सांगावं, म्हणजे आतल्याच एखाद्या वाढत्या कुटुंबाला ते घर घेता येईल. हे बंधनकारक करता येणार नाही, पण सांगितलं तर लोक करतात.

तर सही करावी का? परिशिष्टं जोडलेली असतील, कॉर्पस आणि देखभालीचं सूत्र लिहिलेलं असेल, पावती सासूबाईंच्या नावावर झालेली असेल, तर करा. चाळीचे वासे कुजले आहेत आणि पावसाळा कुणासाठी थांबत नाही. यांतली एक जरी गोष्ट नसेल तर थांबा, आणि सह्या तेविसावर पोचू नयेत म्हणून शेजाऱ्यांनाही थांबवा.

आणि पापड. रिहॅब इमारतीच्या गच्चीला बहुधा कुलूप असतं आणि किल्ली सुरक्षारक्षकाकडे असते. करारात लिहून घ्या की गच्ची रिहॅब संस्थेच्या ताब्यात राहील, तिच्यावर मोबाइलचा टॉवर किंवा जाहिरातीचा फलक संस्थेच्या ठरावाशिवाय लागणार नाही, लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंत जाईल आणि तिथून वर जायला कठड्याचा जिना असेल. पाण्याच्या टाक्या आणि सौर पॅनेल एका बाजूला घ्यायला सांगा, म्हणजे दुसऱ्या बाजूला उन्हाची सलग जागा उरते. कठडा निदान सव्वा मीटर उंच, फरशी खरखरीत. किल्ल्या प्रत्येक मजल्यावर एक, आणि सासूबाईंच्या मजल्यावरची त्यांच्याकडे.